दोनदा दाबलं की थांबतात

आमच्या आबांना, म्हणजे माझे आजोबा सर्जेराव बराटे यांना, एकच डोळा आहे. डावा. उजव्यात ते नऊ वर्षांचे असताना विटी बसली आणि तो गेला. तेव्हापासून एकाहत्तराव्या वर्षापर्यंत त्यांनी सगळं जग डाव्यानेच बघितलं, आणि दोन डोळेवाल्यांना जे दिसलं नाही ते दाखवून दिलं, असं ते स्वतःच सांगतात. त्यात खोटं फार नाही. म्हैस नुसती चालताना बघून ती कोणत्या वारी विणार हे ते रस्त्याच्या पलीकडून सांगायचे.

आमचं गाव हिंगणे बुद्रुक. आता त्याला कर्वेनगर म्हणतात, आणि जिथे आबांचा गोठा होता तिथे आमची सोसायटी उभी आहे. पार्किंगमधल्या तीन नंबरच्या खांबापाशी आबा अजून वळसा घालून जातात. तिथे राधी म्हैस बांधलेली असायची आणि राधीला मागून गेलेलं खपायचं नाही. अकरा म्हशी होत्या, आणि सायकलवरून कोथरूडपर्यंत रतीब. शेवटची म्हैस विकली त्याला आठ वर्षं झाली, पण फोनवर बोलताना आबांचा आवाज अजून गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल इतकाच असतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आमच्या घरातली सगळी लग्नं आमच्या आधी कळतात.

दोन वर्षांपूर्वी आबांनी घरातले बल्ब बदलायला लावले. उजेड पडत नाही म्हणाले. बल्ब बदलले, मग जास्त वॅटचे बदलले, मग वीज मंडळाला शिव्या झाल्या. एकदा चहा बशीच्या बाजूला ओतला, तर बशी सरकवून ठेवल्याबद्दल मला बोलणी बसली. शेवटी एका सकाळी त्यांनी गेटपाशी खुर्चीवर टाकलेल्या वॉचमनच्या रेनकोटाला राम राम घातला, पाऊसपाण्याची चौकशी केली आणि वर येऊन सांगितलं की नवीन वॉचमन फार मग्रूर आहे.

शालनआजी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रेनकोटानं काय उत्तर दिलं?"

तेव्हा डॉक्टर गाठायचं ठरलं.

सदाशिव पेठेत एक डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, खाली नाव नोंदवायचं, वर ऑपरेशन. तिथले डॉक्टर प्रज्ञेश खांबेटे. त्यांचं वाक्य इस्त्री करून, घडी घालून आणल्यासारखं येतं, आणि ते संपलं की तेवढंच असतं. पुढे काही येईल म्हणून थांबलात तर तुम्हीच वेडे ठरता. त्यांनी आबांचा डोळा पाहिला आणि म्हणाले, "मोतीबिंदू चांगला पिकलाय. आंबा असता तर आनंद झाला असता."

मग सगळं समजावून सांगितलं. मोतीबिंदू जितका जुना, तितका कडक, आणि जितका कडक तितकं काम अवघड. आत्ता केलं तर वीस मिनिटांचं काम आहे. दोन-तीन महिन्यांनी आबांना समोरची बोटं मोजता येणार नाहीत. आबांनी विचारलं, आणि नाही जमलं तर. डॉक्टर म्हणाले, शंभरातल्या नव्व्याण्णव जणांचं जमतं.

"डागदर, शंभरातल्या नव्व्याण्णवांना दुसरा डोळा असतोय," आबा म्हणाले.

खांबेट्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मला ते तेव्हापासूनच थोडे आवडायला लागले. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की म्हणूनच सुई टोचणार नाही, नुसते थेंब घालून डोळा बधिर करू, म्हणजे डोळा काही वेळही अंधारात जाणार नाही. यादीत आबांचा नंबर पहिला ठेवू.

आबा घाबरलेत हे कुणी म्हटलं नाही. आमच्या घरात आबा घाबरत नसतात. त्यांना फक्त कामं निघतात. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात त्यांना इतकी कामं निघाली की बाबांनी त्यांचं आधार कार्ड काढून घेतलं.

पहिल्या खेपेला रक्तदाब एकशे नव्वद निघाला. एवढ्या दाबावर ऑपरेशन करत नाहीत. खांबेटे म्हणाले, क्रिकेटमध्ये असते तर टाळ्या वाजवल्या असत्या, आता घरी जा, गोळी घ्या, पुढच्या गुरुवारी या. आबा जिना इतक्या झपाझप उतरले की कुणाला वाटावं दिसतंय सगळं.

दुसऱ्या खेपेला गोळीने दाब बरा होता. हिरवा गाऊन घातला, डोक्याला टोपी, डाव्या भुवईवर पेनाने खूण, डोळ्यात थेंबांवर थेंब. आबा वर बाकावर बसले होते. एक वॉर्डमधला माणूस स्ट्रेचर घेऊन आला आणि न बोलता मागून त्यांच्या दोन्ही खांद्यांना धरून त्यांना उठवायला लागला. आबा उठले. आणि उठले ते चालायलाच लागले. जिना, दार, रस्ता. थेंबांनी बाहुली मोठी झालेली, उन्हात समोर नुसता पांढरा झोत, तरी भिंतीला हात लावत ते कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानापर्यंत पोचले.

बाबा आणि मी त्यांना शोधत तिथे गेलो तेव्हा दुकानदार त्यांना अदबीने म्हणत होता, घ्या डॉक्टर, साखर कमी ठेवलीय. शेजारी एक गृहस्थ पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून उभे होते, आणि आबा त्यांचा गुडघा चाचपत होते. तिळाचं तेल कोमट करून चोळायचं आणि ओल्या जागेत बसायचं नाही, असा सल्ला चालला होता. हा इलाज राधीला लागू पडला होता. गृहस्थांनी फी विचारली.

खांबेट्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाबांना म्हणाले, "गाऊन हॉस्पिटलचा आहे, तो द्या. पेशंट तुमचा आहे, तो न्या."

हे सगळं मी घरी कुणालाही करून दाखवते आणि माणसं जमिनीवर लोळतात. पण त्या दिवशी खालच्या बाकावर आबा गाऊनच्या नाड्या सोडत बसले होते आणि नाडी सापडत नव्हती. आम्ही तिघं, आजी, बाबा आणि मी, त्यांच्याकडे बघत नव्हतो. पुढचा गुरुवार शेवटचा, असं डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यानंतर, ते म्हणाले, मोतीबिंदू इतका कडक होईल की मी हात लावण्याआधी दहादा विचार करीन. आबांनी ते ऐकलं होतं. त्यांचे कान दोन्ही चांगले आहेत.

तेवढ्यात गाऊन घ्यायला मंदाकिनी सिस्टर खाली आल्या. वर्ध्याकडच्या आर्वीजवळच्या. पुण्यात बारा वर्षं झाली, पण बोलताना वाक्याच्या शेवटी तो 'नं' येतोच, जशी काही त्याच्याशिवाय वाक्याला खाली बसता येत नाही. त्यांनी गाऊन मागितला नाही. आबांच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्या उजव्या हाताकडे बघायला लागल्या. आबांच्या अंगठ्याच्या मधल्या सांध्यावर एक घट्टा आहे, वाळलेल्या खारकेएवढा. मी तो जन्मापासून बघतेय. तो कशाचा, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"तुम्ही अंगठा मुडपून दूध काढत होते नं बाबाजी?" सिस्टर म्हणाल्या. "माझ्या बाबालेही असाच आहे. म्हशी किती होत्या?"

आबा वळले. अकरा म्हणाले. मग अकराही जणींची नावं सांगितली, कोण किती द्यायची, कोण कुणाशेजारी बांधली तर दूध चोरायची. सिस्टर ऐकत होत्या, आणि मध्येच विचारलं, जनावरांचा डॉक्टर सुई टोचायला आला की म्हशीला कसं धरत होते.

तो आबांचा हातखंडा विषय. धरायचं नाही, म्हणाले. धरलं की बिथरती. आधी लांबून नाव घेऊन हाक मारायची, मग पाठीवर हात ठेवायचा, आणि डॉक्टरचं काम संपेस्तोवर तो हात उचलायचा नाही. हात तिथं असला की तिला कळतं, आपला माणूस आपल्यापाशी हाय. "आन न सांगता कुणी मागनं हात लावला, का लाथ."

"मंग तुम्हाला आज कोणी सांगितलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "मागून धरलं."

आबांनी नाडी शोधणं सोडून दिलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकलं. अठ्ठेचाळीस वर्षं संसार केलेल्या आजीनेही पहिल्यांदाच ऐकलं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. विटी लागली तेव्हा त्यांना बैलगाडीतून दवाखान्यात आणलं होतं. तिथं चार माणसांनी टेबलावर दाबून धरलं. एक पायांवर बसला. कुणी सांगितलं नाही काय करणार आहेत, किती वेळ करणार आहेत. नऊ वर्षांचे आबा थांबा म्हणून ओरडत होते. कुणी थांबलं नाही.

एवढं सांगून आबा म्हणाले, दवाखान्यातल्या त्या माणसांवर राग नाही, त्यांचं काम होतं. पण खांद्याला हात लागला आणि पाय आपले आपणच चालायला लागले.

सिस्टरांनी सहानुभूतीचं काही म्हटलं नाही. त्या व्यवहाराला बसल्या. ऑपरेशनच्या वेळी तोंडावर कापड असतं, बोलायचं नसतं, मान हलवायची नसते. पण कापडाखाली तुमचा हात माझ्या हातात राहील. खोकला आला तर एकदा दाबा. थांबवायचं असेल तर दोनदा दाबा. काहीही करायच्या आधी मी सांगेन.

"आन म्या सोडला तर?"

"तुम्ही सोडा. मी नाही सोडत."

आबांनी बाबांकडे न बघता गुरुवारचं नाव नोंदवायला सांगितलं.

खरं तर गुरुवारी सिस्टरांची ड्यूटी वॉर्डात होती, ऑपरेशन थिएटरमध्ये नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून ती बदलून घेतली, हे आम्हाला मागून कळलं. खांबेटे म्हणाले होते म्हणे, ठीक आहे, फक्त त्यांना सांगा, हात तुमचा धरायचा, माझा नाही.

गुरुवारी दाब मोजला. सिस्टरांनी आकडा सांगितलाच नाही. पट्टा तसाच ठेवून म्हणाल्या, बाबाजी, त्या दिवशी नावं अकरा सांगितली, मला दहाच आठवतात. आबांनी सावकाश पुन्हा सांगितली. राधी, चांदी, मोरकी, कोथरूडवाली... अकरावीला पोचले तेव्हा सिस्टरांनी पुन्हा मोजला आणि मान हलवली. मग स्ट्रेचरवाला तोच माणूस आला. सहा पावलांवर थांबला. "सर्जेराव आबा, मी आलोय. डाव्या बाजूनं येतो," म्हणाला. त्याला कुणी शिकवलं होतं ते विचारायला नको.

आबांनी पायातल्या चपला जुळवून ठेवल्या, आजीच्या दिशेने अंदाजाने बघितलं आणि गेले. आजीने वाटेत खायला म्हणून आणलेल्या शेंगदाण्यांची पुडी उघडली, आणि वीस मिनिटं एकेक दाणा सोलून लाल साल वेगळं, दाणा वेगळा असे दोन ढीग घातले. एकही खाल्ला नाही. मी सोलले तर म्हणाली, तुझी सालं राहतात.

आत काय झालं ते आम्हाला दोन बाजूंनी कळलं, आबांकडून आणि सिस्टरांकडून, आणि गंमत म्हणजे दोन्ही हकिगती जुळतात. आबांच्या हकिगती सहसा कशाशी जुळत नाहीत.

कापड घातलं, आबांना गुदमरल्यासारखं झालं, पण हात होता. सिस्टर सांगत होत्या: आता थंड पाणी पडते. आता उजेड दिसन, त्याच्याकडेच पाहा. आता मशीनचा आवाज येते, भुंग्यावानी, घाबरू नका, भुंगा आपलाच आहे. आबांना तीन दिवे दिसत होते, आणि ते कधी एकमेकांत मिसळत होते. आणि मग, मशीन चालू असताना, आबांनी हात दोनदा दाबला.

सिस्टर म्हणाल्या, थांबा सर. खांबेटे थांबले. मशीन बंद. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय, दुखतंय का.

कापडाखालून आबा म्हणाले, "काय नाय. बघितलं, थांबताय का."

सिस्टरांना वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार. खांबेटे म्हणाले, "ब्रेक तपासून झाले असतील, तर पुढे जाऊ?"

"जावा," आबा म्हणाले. त्यानंतर त्यांनी हात एकदाही दाबला नाही. दाबला नाही म्हणजे खुणेसाठी दाबला नाही. धरून मात्र ठेवला.

बाहेर आले तेव्हा डोळ्यावर पारदर्शक झाकण होतं आणि त्याच्या आतून आबा माशासारखे बघत होते. आजीने विचारलं, दिसतंय का. धुकं हाय, म्हणाले, पण तू शेंगदाणे सोलून ठेवलेस तेवढं दिसतंय. आणि तिथेच उभं राहून सगळे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी झाकण काढायचं होतं. सिस्टरांनी आधी सांगितलं, मग काढलं, डोळा पुसला. आबांनी पापणी उघडली आणि समोर बघितलं. मला वाटलं आजीकडे बघतील, निदान माझ्याकडे. ते सिस्टरांच्या हाताकडे बघत होते. डाव्या हाताच्या पाठीवर चार निळे-काळे डाग, आणि खाली, जिथे अंगठ्याचा घट्टा रुतला होता, तिथे पाचवा. पन्नास वर्षं दूध काढलेला हात वीस मिनिटं कशाला तरी धरून राहिला होता, आणि त्या वीस मिनिटांत सिस्टरांच्या आवाजात भुंगा होता, थंड पाणी होतं, पण हात दुखतोय असं काही नव्हतं.

"हे म्या केलं?"

सिस्टरांनी हात मागे नेला. "म्हशीनं लाथ मारली म्हणून तुम्ही कधी हात काढला काय बाबाजी? पाहा बरं, त्या तक्त्यावरचं शेवटून दुसरं वाचा."

आबांनी वाचलं. शेवटचंही वाचलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरावरचं बारीक छापलेलं पंचांग वाचायला लागले, तेव्हा खांबेटे म्हणाले, पुरे, पुढचा मुहूर्त बाहेर जाऊन बघा.

आमच्याकडे थँक्यू म्हणायची पद्धत नाही. म्हणजे मी म्हणते, दिवसातून पन्नासदा, पण आबांच्या तोंडून तो शब्द निघणं शक्य नाही. त्या संध्याकाळी मी घरी सगळ्यांची नक्कल केली. खांबेटे केले, स्ट्रेचरवाला केला, कापडाखालचे आबा केले, आबा स्वतः पोट धरून हसले. मग मी सिस्टर सुरू केल्या, त्यांचा 'नं' मला फार छान जमतो. आबा म्हणाले, "ती नगं." एवढंच. मी थांबले.

थोड्या वेळाने ते आजीला म्हणाले, चीक बघाय पाहिजे. आजी हो म्हणाली, जणू ती याचीच वाट बघत होती.

चीक म्हणजे म्हैस व्याल्यावरचं पहिलं दूध, ज्याचा खरवस करतात. रतीबाचं दूध आबांनी जन्मभर विकलं, पण चीक कधी विकला नाही. कुणी कितीही देऊ केले तरी नाही. चीक वाटायचा असतो. भावकीत द्यायचा, अडलेल्या म्हशीपाशी जो थांबला त्याला द्यायचा, जनावरांच्या डॉक्टरला द्यायचा. आता आमच्याकडे म्हैस नव्हती, म्हणून आबा जवळच्या शिवणे गावात त्यांच्या चुलतभावाच्या गोठ्यावर गेले. काळा चष्मा लावून कठड्यापाशी उभे राहिले, गाभण म्हशी बाहेर फिरवायला लावल्या आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, ती तिसरी, तीन आठवड्यांनी, सोमवारी. म्हैस मंगळवारी व्याली. आबांचं म्हणणं, ती सोमवारीच विणार होती, तिनं उशीर केला.

आजीने गूळ आणि वेलदोडा घालून खरवस वाफवला, आणि महिन्याच्या तपासणीला आम्ही स्टीलचा तीन थरांचा डबा घेऊन गेलो. एक थर सिस्टरांना, एक स्ट्रेचरवाल्याला आणि वॉर्डाला, एक डॉक्टरांना. सिस्टरांनी डब्याचं झाकण काढलं, वास घेतला आणि लगेच खाल्ला नाही. डब्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, घर सोडल्यापासून चीक कोणी दिला नव्हता मला. आबा म्हणाले, पुढल्या महिन्यात दुसरी म्हैस इतीय. हातावरचे डाग गेले होते. आबांनी ते आधी नीट बघून घेतलं होतं.

खांबेट्यांनी एक वडी खाल्ली. "गूळ किंचित जास्त झालाय," म्हणाले, आणि दुसरी उचलली.

जाताना वर बाकावर एक बाई बसल्या होत्या, हिरवा गाऊन, टोपी, भुवईवर खूण. कोथरूडच्या कुठल्या तरी शाळेत मुख्याध्यापिका असाव्यात, कारण त्या घाबरल्याही होत्या त्या शिस्तीत, पाठ ताठ करून. नजर मात्र जिन्याकडे होती. ती नजर आबांना ओळखीची असणार. ते आधी लांबून खाकरले. मग, बसू का म्हणून विचारलं, आणि शेजारी बसले.

त्यांनी सगळं सांगितलं, त्यांच्या मते हळू आवाजात. हात कसा धरायचा, खोकल्याला एकदा, थांबवायला दोनदा. भुंगा आपलाच हाय. आणि मधी एकदा उगीच दोनदा दाबून बघा, म्हणजे जिवाला बरं वाटतं.

आतून खांबेट्यांचा आवाज आला, "सर्जेराव, हे सगळ्यांना शिकवू नका. माझे ब्रेक झिजतील."

बाई आबांकडे वळल्या. पहिल्यांदाच जिन्यावरून नजर काढून. "खरंच थांबतात?"

"बाई," आबा म्हणाले, "म्या दाबून बघितलंय."